डाव्या हाताची सही

लिफ्टचं दार बंद झालं आणि सरांनी माझ्या थोबाडीत मारली.

बेलापूरच्या कर कार्यालयातून आम्ही खाली येत होतो. लिफ्टमध्ये दोघंच. माझ्या दोन्ही हातांत फायली, छातीशी धरलेल्या, त्यामुळे हात आडवा घालायलाही जमलं नाही. चष्मा उडून कोपऱ्यात पडला. सर शर्टाची बाही नीट करत होते.

"परत माझ्या आधी तोंड उघडलंस तर दात घशात घालीन," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. अशिलाला फी सांगतात त्याच आवाजात म्हणाले.

तळमजल्यावर दार उघडलं. बाहेर उभ्या माणसांत सरांच्या ओळखीचे कुणीतरी होते. सर त्यांच्याशी हसून बोलले, तब्येतीची चौकशी केली. मी वाकून चष्मा उचलला. एक काडी वाकली होती. गाल पेटला होता, आणि मला सगळ्यात जास्त भीती कसली वाटत होती सांगू? या माणसांना कळलं असेल का, याची. मार मी खाल्ला आणि लाजही मलाच. त्या लाजेचा राग मला आजही त्या थपडेपेक्षा जास्त येतो.

माझा गुन्हा काय होता तेही सांगते. सुनावणीत अधिकाऱ्याने एका जुन्या व्यवहाराबद्दल विचारलं. सर कागद चाळत राहिले. उत्तर त्यांना सापडेना, कारण ती फाइल त्यांनी गाडीत येतानासुद्धा उघडली नव्हती. फाइल मी तयार केली होती. उत्तर मी लिहिलं होतं. अधिकारी वाट बघून कंटाळला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला माहितीय का?" मी सांगितलं. कलम सांगितलं, पान सांगितलं. त्याने मान हलवली, लिहून घेतलं, प्रकरण मिटलं. सरांच्या अशिलाचा फायदा झाला. त्याचं बक्षीस मला लिफ्टमध्ये मिळालं.

आणखी एक. त्या खोलीत टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या. एकीवर सर बसले. दुसरीवर त्यांनी आपली चामड्याची बॅग ठेवली. पाऊण तास मी त्या बॅगेच्या मागे उभी होते. मला ते खटकलंसुद्धा नाही. इतकी सवय झाली होती.

मी दिघ्याची. आईबाप परभणीकडचे, बौद्ध. बाबा रबाळ्याच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर होते. आई ऐरोलीत चार घरची धुणीभांडी करते. बी.कॉम. झाल्यावर मी वाशीतल्या या ऑफिसात लागले. सरांच्या घराण्यात हा धंदा तीन पिढ्यांचा. आजोबा, वडील, सर. भिंतीवर दोघांचे फोटो, चंदनाचे हार. सर अशिलांना अभिमानाने सांगायचे, आमच्या रक्तातच कायदा आहे. मी मनात म्हणायचे, रक्तात असेल, पण डोक्यात नाही. कारण जीएसटीचा नवा कायदा आल्यापासून सरांनी एकही परिपत्रक वाचलेलं नव्हतं. ते मी वाचायचे आणि त्यांना दोन ओळींत लिहून द्यायचे. त्या दोन ओळी ते अशिलासमोर आपल्या म्हणून म्हणायचे.

सकाळी सात ते दहा मी एम.कॉम.ला जात होते. विषय टॅक्सेशन. साडेदहाला ऑफिस. वर्गात पहिल्या बाकावर बसायचे आणि प्राध्यापक फळ्यावर लिहायच्या आत माझं उत्तर तयार असायचं, कारण आदल्या दिवशी तेच मी कुणाच्या तरी खऱ्या कागदांवर केलेलं असायचं. मला नुसती नोकरी नको होती. मला करसल्लागार व्हायचं होतं. नोंदणी घेऊन, माझ्या नावाने. नुसत्या बी.कॉम.वर जीएसटीची नोंदणी मिळते, हे मला माहीत होतं. पण मला कायदा तळापर्यंत वाचायचा होता. समोरच्याने बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. आपल्या माणसाला दुप्पट तयारी करावी लागते, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला फी सवलतीचा फॉर्म होता. त्याला पगाराचा दाखला लागत होता. मी सरांपुढे फॉर्म ठेवला. त्यांनी पहिल्या पानावरचा जातीचा रकाना वाचला आणि दोन वर्षं माझ्या आडनावावरून त्यांनी जो काही समज करून घेतला होता तो तिथे फुटला. दाखला दिला त्यांनी. नाही कशाला म्हणतील? फक्त पेन टेबलावर ठेवून दिलं, माझ्या हातात दिलं नाही. आणि म्हणाले, "असं आहे होय. म्हणजे पुढेमागे सही करणार तर तू. करशील करशील. पण तुझी सही चालणार कुठे?"

त्या दिवाळीत ऑफिसात लक्ष्मीपूजन होतं. आमच्या धंद्यात आता हिशोबाच्या चोपड्या राहिल्या नाहीत. पूजेला लॅपटॉप मांडतात, आणि चांदीच्या ताटात डोंगल. डोंगल म्हणजे अशिलाची डिजिटल सही. बोटाएवढी वस्तू, कम्प्युटरला लावायची, पासवर्ड टाकायचा, की त्या माणसाची सही झाली. प्रत्येक डोंगलला मी स्वतः चिठ्ठी चिकटवली होती. कुठला कुणाचा हे मला अंधारातसुद्धा कळलं असतं. वर्षभर त्या शेठ लोकांच्या सह्या माझ्या हातांनी होत होत्या. आदल्या वर्षी ते ताटही मीच मांडलं होतं. या वर्षी सरांच्या बाईसाहेब आल्या, ताट माझ्या हातातून काढून घेतलं, आणि म्हणाल्या, "तू आज लवकर जा घरी. तुमच्याकडे पण असेल ना काहीतरी." मग ओल्या फडक्याने एकेक डोंगल पुसायला लागल्या. मी चपला घालत होते. दारातून मला ते पुसणं दिसत होतं. एकेक करून, उलटसुलट, सगळे पुसले.

मी गेले. दुसऱ्या दिवशी परत कामावर आले. तेच डोंगल, तेच लॅपटॉप, तेच माझे हात. का आले? कारण परीक्षेला सहा महिने होते, आणि पुढे नोंदणीच्या फॉर्मला अनुभवाचा दाखला लागेल असं मला वाटत होतं. म्हणजे स्वार्थ होता. आणि भीती होती. दोन्ही लिहून ठेवते. सगळा दोष दुसऱ्यावर टाकून मोकळं व्हायला मी इथे बसलेली नाही.

आता बाबांच्या हाताचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी सहावीत होते. बाबांचा उजवा हात प्रेसखाली गेला. मशीनला जाळी असायला हवी होती. ती काम हळू होतं म्हणून काढून ठेवलेली होती. चार बोटं गेली, अंगठा राहिला. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला, हातात मोसंबी आणि एक कागद. आईला वाचता येत नव्हतं. बाबांना सही करण्यापुरतं येत होतं आणि ते औषधाच्या गुंगीत होते. त्या माणसाने मला जवळ घेतलं, म्हणाला, बेटा तू हुशार दिसतेस, वाचून दाखव बाबांना. मी वाचलं. मोठ्याने, शाळेत धडा वाचतात तसं. "सदर अपघात माझ्या हलगर्जीपणामुळे झाला असून त्यास सर्वस्वी मी जबाबदार आहे." हलगर्जीपणा म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. शब्द अवघड होता आणि तो मी न अडखळता वाचला, याचाच मला आनंद झाला होता. बाबांनी विचारलं, "काय म्हनतोय कागुद?" मी म्हटलं, "काही नाही बाबा, कंपनीचा कागद आहे. इथे सही करायची." आणि बोट ठेवून जागा दाखवली.

बाबांनी डाव्या हाताने सही केली. वेडीवाकडी, ओळीच्या खाली घसरलेली. त्या माणसाने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. भरपाई मिळाली नाही. नोकरीही गेली. आठवीत मला त्या शब्दाचा अर्थ कळला. वर्गात बसल्या बसल्या कळला आणि मला तिथेच उलटी झाली. बाईंनी घरी पाठवलं. मी घरी कुणाला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून कुठलाही कागद मी शेवटच्या टिंबापर्यंत वाचते. लोक विचारतात, टॅक्ससारखा रुक्ष विषय कसा काय घेतलास. मी काय सांगणार त्यांना? मला कागदावर सूड उगवायचा होता.

तर आता तो स्टीलवाला.

सरांचा सगळ्यात मोठा अशील. कळंबोलीत गोदाम, मनगटात जाड सोन्याचं कडं, ऑफिसात येताना बूट न काढणारा एकटाच माणूस. सगळे त्याला शेठ म्हणायचे. त्याच्या खरेदीच्या बिलांचा एक गठ्ठा माझ्याकडे आला. ती बिलं चढवली की त्यांवरचा टॅक्स त्याला वळता करून मिळणार होता. मला सवय, मी प्रत्येक बिलावरचा गाडीचा नंबर तपासला. वीस टन सळई. गाडीचा नंबर आरटीओच्या साइटवर टाकला तर ती स्कूटर निघाली. दुसरं बिल, अठरा टन. तीही स्कूटर. माल आलाच नव्हता. नुसते कागद आले होते. मी अशा प्रत्येक बिलावर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं, "गाडी स्कूटरची. सरांना दाखवलं," आणि खाली तारीख. मग गठ्ठा घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले.

सर हसले. वीस टन सळई स्कूटरवर, हे त्यांना खरंच मजेशीर वाटलं. मग म्हणाले, "तुला मी डोकं चालवायला ठेवलेलं नाही. बोटं चालवायला ठेवलंय. चालव."

मी चालवली. हेही लिहून ठेवते. मी ती बिलं चढवली.

चार महिन्यांनी खात्याने पकडलं. ते पकडणारच होते, स्कूटर कुणाच्याही डोळ्यांत भरेल. शेठला नोटीस आली. सरांना बोलावणं आलं. त्यानंतर तीन दिवस ऑफिसात सर माझ्याशी गोड बोलत होते. अभ्यास कसा चाललाय विचारलं. एकदा चहा घेणार का विचारलं. माझा शेवटचा पेपर दहा दिवसांवर होता. मला वाटलं, माणूस वरमला असेल. मूर्ख मी.

शनिवारी दुपारी दोनला सगळ्यांना घरी सोडलं. मला थांबायला सांगितलं. केबिनमध्ये सर होते आणि शेठ होता. मी आत गेल्यावर शेठने दार लावलं आणि कडी घातली. माझा मोबाइल बाहेर टेबलावर चार्जिंगला होता. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता, आणि त्यावर सरांचं पेन. ते सोनेरी टोपणाचं, जे कुणालाच हात लावू देत नसत.

सर म्हणाले, साधी गोष्ट आहे, फॉर्मॅलिटी आहे, खात्याला एक खुलासा द्यायचा आहे, सही करून टाक, तुझ्या फीचं पुढच्या वर्षीचं मी बघतो. पुढचं वर्ष नव्हतंच माझं. त्यांना तेवढंही माहीत नव्हतं.

मी कागद उचलला. शेठ म्हणाला, वाचत काय बसलीस. मी वाचला.

"सदर खरेदीची बिले मी माझ्या हलगर्जीपणामुळे, वरिष्ठांना न विचारता, परस्पर नोंदवली. त्यास सर्वस्वी मी जबाबदार आहे."

तोच शब्द. तेच सर्वस्वी. बारा वर्षांनी, दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या कागदावर, आणि तरी वाक्य तेच. जणू यांच्याकडे कुठेतरी एकच कागद ठेवलेला असतो, आणि आपलं कुणी सापडलं की नाव बदलून छापतात. माझं डोकं तापलं. मला मोसंबीचा वास आला, खरंच आला. आणि माझ्या लक्षात आलं, वर्षभर हा माणूस मला सांगत होता की तुझी सही कुठे चालत नाही, आणि आज याचं अख्खं घराणं माझ्या सहीसाठी अडून बसलंय.

या कागदावर सही केली की माझं काय होणार होतं, ते मला त्या दोघांपेक्षा जास्त कळत होतं. खोट्या बिलांच्या प्रकरणात कबुली. खटला. नोंदणी कधीच नाही. एम.कॉम.चं प्रमाणपत्र घेऊन मी काय करणार होते, भांडी झाकणार होते त्याने?

मी पेन उचललं. सरांनी श्वास सोडला. मी सहीच्या जागी न लिहिता वर, मजकुरावर आडवं, मोठ्या अक्षरात लिहिलं: "वाचलं. हे खोटं आहे. गाडी स्कूटरची होती हे मी सरांना दाखवलं होतं." आणि खाली सही केली. पूर्ण नाव, तारीख. त्या ऑफिसातली माझी पहिली सही.

सरांनी वाचलं. त्यांचं तोंड पांढरं पडलं आणि मग त्यांनी माझी जात काढली. जातीचं नाव घेऊन, पुढे शिवी जोडून. आवाज या वेळी चढवला. तीन पिढ्यांचं वळण तेवढ्या एका वाक्यात बाहेर पडलं.

शेठने माझे केस धरले आणि डोकं टेबलावर आपटलं. एकदा. दोनदा. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात आलं. तो म्हणाला, "दुसरा कागद काढा साहेब, ही करेल सही. हिचा बाप पण करेल." माझ्या बापाचं नाव त्याने नुसतं बोलायचं म्हणून घेतलं. त्याला काय माहीत. सर प्रिंटरकडे वळले. खरंच वळले. माझं रक्त त्यांच्या टेबलावर सांडलेलं आणि ते दुसरी प्रत काढत होते. तेवढ्यात मी माझा लिहिलेला कागद उजव्या मुठीत चुरगळून धरला.

शेठ माझा उजवा हात धरून पेन बोटांत कोंबायला लागला. मी मूठ उघडेना. त्याने करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मागे वाकवलं. तो मला बघत होता. मी ओरडेन, रडेन, याची वाट बघत होता. आवाज झाला. लहान आवाज, वाळकी काटकी मोडते तेवढाच. मग मी त्याच्या मनगटात दात घातले. कड्याच्या वर, जिथे मांस मिळालं तिथे. त्याने मला गुडघ्याने मारलं, मी सोडलं नाही. तोंडात रक्त आलं, त्याचं की माझं माहीत नाही. तो किंचाळला. एवढा मोठा माणूस, कुत्र्याच्या पिल्लासारखा किंचाळला, आणि मला आनंद झाला. त्या आनंदाची मी माफी मागणार नाही.

टेबलावर कागद पंच करायचं मोठं लोखंडी मशीन होतं. ते मी डाव्या हाताने उचललं. सर भिंतीला चिकटले, हात तोंडावर धरले. मारायची इच्छा होती. आजही आहे. पण मला त्यांच्यापेक्षा बाहेर पडणं महत्त्वाचं होतं, आणि दाराच्या वाटेत शेठ होता. केबिनची एक बाजू काचेची होती, काचेवर सोनेरी अक्षरांत सरांचं नाव, त्याखाली वडिलांचं, त्याखाली आजोबांचं. मी मशीन त्या काचेवर घातलं. पहिल्या घावाला तडा गेला. दुसऱ्याला तिन्ही पिढ्या खाली आल्या. मी काचेवरून बाहेर पडले आणि मोबाइल घेतला. तो लिहिलेला कागद जवळच होता. हो, तो मी सोडला नव्हता. मोडक्या हातात चुरगळलेला होता.

वॉचमन आवाज ऐकून वर आला होता. त्याने मला बघितलं आणि काही न विचारता जिन्याचं दार उघडून धरलं. मी जिन्याने उतरले. लिफ्ट घ्यायची नव्हती मला.

दवाखान्यात कपाळाला सहा टाके पडले, दोन बोटं मोडली होती, हाताला प्लास्टर. आई आली आणि तिने प्लास्टर बघून तोंडात पदर कोंबला. बाबा तिच्यामागे होते. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. मग आपला हात त्यांनी पाठीमागे नेला, लोकांसमोर नेतात तसा.

तेव्हा मी सांगितलं. आठवीपासून पोटात ठेवलेलं सगळं. सहावीत मी काय वाचलं, त्याचा अर्थ काय होता, बोट ठेवून मी कुठे सही करायला लावली. सांगताना मी रडले, हे खरं आहे. मार खाताना नव्हते रडले.

बाबा माझ्या खाटेच्या कडेला बसले. मग म्हणाले, "मला म्हाईत हाय. हापिसात गेल्तो पैशाचं इचाराया, तवाच वाचून दावला त्येनी."

"मग मला कधी बोलला का नाही?"

"तवा तू ल्हान व्हतीस." त्यांनी माझ्या प्लास्टरवर अंगठा ठेवला. "आता न्हाईस. सकाळी ठाण्यात जायचं. म्या येतो."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही पोलीस ठाण्यात होतो. हवालदाराने माझं म्हणणं ऐकून घेतलं, मान हलवत टाइप केलं, आणि प्रिंट माझ्यापुढे सरकवली. सही करा मॅडम, म्हणाला. मी वाचायला लागले. त्यात लिहिलं होतं, कामाच्या कारणावरून शाब्दिक बाचाबाची झाली, धक्का लागून मी पडले, पडल्याने बोटांना दुखापत. जात काढल्याचा उल्लेख नाही. कडी लावल्याचा नाही. कागदाचा नाही.

मी म्हटलं, हे मी बोलले नाही. तो म्हणाला, मतलब तोच होतो. मी म्हटलं, मतलब नको, मी बोलले ते लिहा. तो म्हणाला, ते लिहिलं तर वरपर्यंत जातं, तुमच्याच करिअरला त्रास. करिअर. सगळ्यांना माझ्या करिअरची काळजी. मी सांगितलं, मी बसते. बाबा बाकावर बसले. मीही बसले. माझा हात प्लास्टरमध्ये ठणकत होता, कपाळावरची पट्टी ओली झाली होती. साडेबाराला चहा आला, आम्हाला विचारला नाही. दीडला एक अधिकारी बाई आल्या. मी त्यांच्यापुढे तो चुरगळलेला कागद ठेवला. रक्त वाळून त्याची एक कड काळी झाली होती. त्यांनी वाचला, मग मला वाचलं, आणि हवालदाराला म्हणाल्या, परत लिही, ती सांगते तसं.

शब्द शब्द सांगितला मी. जातीचं नाव, पुढची शिवी, जशीच्या तशी. कडी. केस. टेबल. बोटं. शेठच्या मनगटाला मी चावले, तेही. चार पानं झाली. बाबा उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"समदं वाचलंस का?"

"दोनदा."

"मग कर."

उजव्या हातात पेन धरवत नव्हतं. मी डाव्या हातात घेतलं. अक्षर वेडंवाकडं आलं, ओळीच्या खाली घसरलं. अगदी बाबांच्या तेव्हाच्या सहीसारखं. बाबांनी ते बघितलं. त्यांचा उजवा हात, अंगठा राहिलेला, या वेळी पाठीमागे नव्हता. टेबलावर होता, सगळ्यांसमोर.

नऊ दिवसांनी पेपर होता. प्रत्यक्ष कर. कॉलेजने लेखनिक देऊ केला होता, मी घेतला नाही. अंगठा आणि दोन बोटं शाबूत होती. तीन तास लिहिलं. दुसऱ्या तासाला बोटं सुजली, तिसऱ्या तासाला कळ खांद्यापर्यंत गेली. खोट्या व्यवहारांवर एक प्रश्न होता. तो मी सगळ्यात शेवटी सोडवला, पुरवणी मागून. पर्यवेक्षक बाई माझ्या कपाळाकडे बघत होत्या. प्लास्टरची कड शाईने निळी झाली होती.

सरांनी मधल्या काळात एका ओळखीच्या माणसाला आमच्या घरी पाठवलं. समजुतीने घ्या, मुलीचं लग्न व्हायचंय, आणि असलंच काही. आईने त्याला पाणी दिलं. मग परत जाण्याचा रस्ता दाखवला. तिच्या कामाच्या दोन घरांतून तिला नंतर बंद केलं, कारण सांगितलं नाही. शेठ जामिनावर बाहेर आहे. ऑफिसात नवीन काच बसली आहे, नावं परत रंगवली आहेत. मला हे सगळं माहीत आहे. केस किती वर्षं चालते तेही माहीत आहे. मला कुणी खोटा धीर देऊ नये.

मी कर खात्याला पत्र लिहिलं आहे. चार पानी, माझ्या नावाने, माझ्या सहीने. ती बिलं मी चढवली हे त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं आहे. ऑफिसातल्या प्रती कुठल्या खोक्यात आहेत, आणि त्यांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काय लिहिलं आहे, तेही. मला शिक्षा झाली तर होऊ दे. ती मी केलेल्या गोष्टीची होईल, त्यांनी टाइप केलेल्या गोष्टीची नाही. बाबांचा तो जुना कागद कंपनीने कामगार खात्यात दिला असणार, तोही मी तिथून माहितीच्या अधिकारात मागवला आहे. मिळेल तेव्हा मिळेल. माझी नोंदणी मिळाली, की त्या कागदाला उत्तर लिहायला मी बसणार आहे, मग तो बारा वर्षं जुना असो नाहीतर बावीस.

सोमवारी अकरा वाजता बेलापूरला सुनावणी आहे. मला जबाब द्यायला बोलावलं आहे. सर येणार, शेठ येणार, त्यांचा वकील येणार. मी साडेदहालाच पोचणार. चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत टेबलासमोर दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी बसणार. तिच्यावर कुणाची बॅग असली, तर ती उचलून जमिनीवर ठेवणार, आणि बसणार.